बारीक केस, लांब वेणी आणि सीरमची बाटली

कन्नड तालुक्यातल्या पिशोरहून आम्ही बोलतोय, बचत गटातल्या आम्ही बायका. मागच्या खेपेला आम्ही मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल बोललो, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. या खेपेला केसांवर बोलणार म्हटलं तर घरातली माणसं हसली. हसू द्या. ज्या घरात एखादी लेक केसांपायी चार दिवस रडली असेल, त्या घरातली माय हसणार नाही.

गोष्ट श्रावणातली. गटाची बैठक सुरू झाली होती, हप्त्याचे पैसे मोजून व्हायचे होते. आमच्यातली एक जण उशिरा आली. सोबत लेक, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. पोरगी बारावीला आहे. केस कमरेपर्यंत, पण फार बारीक, रेशमासारखे. वर भरदार दिसतात आणि वेणी खाली येता येता उंदराच्या शेपटीएवढी होते. तिला आठ-दहा दिवस ताप होता. केस मोकळेच, उशीवर घासत राहिले. ताप उतरला तेव्हा मानेच्या वर एक गोळा झालेला. लिंबापेक्षा मोठा, सीताफळापेक्षा लहान. फणी आत शिरेना.

शेजारची एक म्हातारी बघायला आली आणि म्हणाली, "ही जट आहे. हात लावू नका. देवीचं असतं, कोपेल."

पोरीच्या मायचा त्यावर विश्वास नव्हता. पण कात्री हातात घ्यायचाही धीर होईना. अशा वेळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आज नको, उद्या बघू, पौर्णिमा जाऊ दे. तेवढ्यात आजूबाजूचे केसही त्या गोळ्यात ओढले जातात. जट डोक्यातून उगवत नाही, बायांनो. न सुटलेल्या गुंत्याची ती होते. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. स्वतः ब्युटी पार्लरचं काम करणाऱ्या, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या. दोनशेहून जास्त बायांच्या जटा त्यांनी कापल्या आहेत. त्यातल्या कित्येक जणींनी वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवलं, मान दुखली, डोक्यात उवा-जखमा झाल्या, तरी भीतीपोटी कात्री लावली नव्हती. आमच्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्या बैठकीत ठरलं. हप्त्याचे पैसे मोजायचे राहूनच गेले.

आता यात सिलिकॉन कुठून आलं? तर त्याच आठवड्यात एक विक्रेता आमच्याकडे येऊन गेला होता. मोबाइलवर टकलांचे फोटो दाखवत होता. म्हणाला, बाजारातल्या सीरममध्ये सिलिकॉन असतं, सिलिकॉन म्हणजे प्लास्टिक, ते मुळाशी बसतं, मूळ गुदमरतं आणि केस कायमचे जातात. त्याच्याकडचं तेल म्हणे सिलिकॉनमुक्त. बाटली साडेचारशेची. गटाने पन्नास बाटल्या घेतल्या तर कमिशन. आमच्या खजिनदार बाईंनी तिथेच बोटावर हिशेब केला: साडेबावीस हजार. महिनाभराने या, असं सांगून त्याला वाटेला लावलं. पण भीती मनात राहिलीच, कारण ही पोरगीही शहरातून आणलेलं सीरम रोज लावत होती. तिच्या मायला वाटलं, गोळा त्यानेच झाला.

त्या संध्याकाळी आमच्यातली जी शहरात दोन वर्षं पार्लरमध्ये कामाला होती, तिने कात्री बाजूला ठेवायला लावली. दुकानातून कंडिशनरच्या दहा पुड्या मागवल्या आणि घरातलं अर्धी वाटी खोबरेल. आधी गोळ्यात तेल मुरवलं, अर्धा तास तसंच ठेवलं. मग कंडिशनर बोटांनी आत दाबलं. फणी नाही, आधी बोटंच. एकीने गोळ्याच्या वरचे केस मुठीत घट्ट धरून ठेवले, म्हणजे ओढ टाळूला बसणार नाही. दुसरी खालच्या टोकाकडून एकेक बट सोडवत वर सरकत होती. मुळाकडून विंचरत खाली आलं की गाठ आणखी आवळते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आपण लेकींची डोकी वरून खाली खसाखसा विंचरत आलो आणि त्या ओरडल्या की पाठीत धपाटा घालत आलो. दिवेलागणीला बसलो होतो, उठलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मध्ये दोनदा चहा झाला. गोळा सुटला. हातात ओंजळभर गुंतवळ आलं, पण वेणी कमरेला होती तशीच राहिली.

मग त्या मैत्रिणीने एक रिकामी पुडी दिव्याखाली धरून पोरीलाच मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. त्यात एक नाव होतं, डायमेथिकोन. "हेच ते सिलिकॉन," ती म्हणाली. म्हणजे ज्याला विक्रेता गुन्हेगार ठरवत होता, तेच आमच्या बोटांना वाट करून देत होतं. मग खरं काय? आम्ही महिनाभर विचारत सुटलो. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, आशाताईंना विचारलं, आणि थोडं आमच्याच डोक्यावर करून पाहिलं. ते आज सांगायचं आहे.

आधी केसाचं वय समजून घ्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतचा केस म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर धरा. म्हणजे या पोरीच्या वेणीचं टोक सहावीतलं आहे आणि मूळ बारावीतलं. आठवड्यातून दोनदा न्हाणं धरलं तर ते टोक सहाशे वेळा धुतलं गेलंय. उन्हात वाळलंय, रबरात आवळलंय, ओढणीवर घासलंय. केसावर घराच्या कौलांसारखे खवले असतात, एकावर एक, टोकाकडे उतरत गेलेले. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट न्या, गुळगुळीत लागेल. उलटं न्या, खरखरेल. नव्या केसाच्या कौलांवर स्निग्धपणाचा पातळ थर असतो. टोकाला तो धुऊन गेलेला असतो, कौलं उचकटलेली असतात. उचकटलेली कौलं एकमेकांत अडकली की गुंता होतो. केस बारीक असेल तर तो हलका, पटकन वळणारा आणि जोर लावला की पटकन तुटणारा.

सिलिकॉन या उचकटलेल्या कौलांवर पातळ, निसरडा लेप देतं. गारगोटीत आणि वाळूत जे सिलिकॉन मूलद्रव्य असतं, त्यापासून कारखान्यात ते बनवतात. तान्ह्या बाळाच्या बाटलीची मऊ बोंडंही पुष्कळदा सिलिकॉनचीच असतात. ते केसाच्या आत शिरत नाही, केसाला खाऊ घालत नाही, फाटे फुटलेलं टोक पुन्हा जोडत नाही. जाहिरातीत 'दुरुस्ती' म्हणतात ते खोटं. नुसतं घासणं कमी करतं. पण जुन्या, झिजलेल्या टोकाला तेवढंच हवं असतं.

मुळाला मात्र ते नको असतं. मुळाजवळचा केस नवा, कौलं जागच्या जागी, टाळूचं तेल रोज मिळणारं. त्यात केस बारीक. आपण कापूस पिकवणाऱ्या बायका आहोत. जाड सूत आणि बारीक सूत एकाच रंगात बुडवून पाहा. बारीक सुताला त्याच्या वजनाच्या मानाने रंग किती जास्त चढतो ते दिसेल. लेपाचंही तसंच. जाड, राठ केसाला दोन थेंब पुरत नाहीत आणि बारीक केस तेवढ्यात चपटे होऊन टाळूला चिकटतात. तेल थापल्यासारखं दिसतं. मग पोरगी म्हणते केस कमी झाले. केस कमी झालेले नसतात, बसलेले असतात.

या पोरीने शाळकरी मुलींसारख्या दोन वेण्या घालून हे स्वतः करून पाहिलं. डाव्या वेणीला फक्त खालच्या वीतभर भागाला सीरम, उजवीला काहीच नाही. रोजचं गुंतवळ दोन वेगळ्या डब्यांत. पंधरा दिवसांनी डाव्या डब्यातलं गुंतवळ डोळ्यांना दिसण्याइतकं कमी होतं. पुढच्या आठवड्यात तिने मुद्दाम एका बाजूला भांगापासून लावून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी डोकं धुवावं लागलं. हा काही मोठा प्रयोग नाही, एका डोक्यावरचा आहे. पण विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं त्याच्याशी जुळला.

आता ते मूळ गुदमरण्याचं. मूळ कातडीच्या आत असतं, श्वास घेत नाही, त्याला सगळं रक्तातून मिळतं. वरच्या लेपाने टक्कल पडतं याला पुरावा नाही. आणि सिलिकॉन निघतच नाही हेही खरं नाही. नेहमीच्या फेसाळ शाम्पूने बहुतेक निघून जातं. कुणी नुसतं कंडिशनर लावून किंवा नुसत्या पाण्याने डोकं धूत असेल, तर थरावर थर साचेल.

पण गुंतवळ एकदा नीट बघायला शिका. गुंतवळावर भांडी देणारा दारात आला की आपण वजन बघतो, केस बघत नाही. पांढऱ्या कागदावर आठ-दहा केस पसरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळातून गळलाय. दिवसाला पन्नास ते शंभर केस असे गळणं चालतं. ठिपका नसेल, केस अर्धवट लांबीचा असेल, तर तो मध्येच तुटलाय. तुटण्याला सीरम, कंडिशनर, हळू विंचरणं यांचा उपयोग आहे. गळण्याला नाही. गळणं एकदम वाढलं असेल तर बाळंतपणाला तीनेक महिने झालेत का, मोठा ताप येऊन गेलाय का, थायरॉइड आहे का, आणि अंगात रक्त किती आहे, ते बघायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला होता. साडेचारशेच्या बाटलीआधी उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा.

बुलढाण्याचं आठवतं ना? २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले, टकलं पडली. सुरुवातीला बोट शाम्पूकडे आणि पाण्याकडे गेलं. दिल्लीहून आयसीएमआरची माणसं आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्या गावांत लग्नं अडली, माणसं टोपी घालून फिरली. म्हणून म्हणतो, पुष्कळ केस एकदम मुळातून जात असतील तर बाटल्या बदलत बसू नका, दवाखान्यात जा.

आणि पाणी. हा भाग आम्हाला सगळ्यांत उशिरा सुचला, खरं तर सगळ्यांत आधी सुचायला हवा होता. आपलं बोअरचं पाणी जड. तूरडाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या काठाला पांढरी पुटं धरतात. त्या पाण्यात साबण लावला की फेस कमी आणि चिकट साका जास्त. तोच साका केसावर बसतो. या पोरीकडे शाम्पू संपला की ती अंगाच्या साबणानेच डोकं धूत होती. फणीच्या दातांत पांढरट मळ यायचा आणि दोष सीरमला. आम्ही पावसाच्या धरून ठेवलेल्या पाण्याने तिचं डोकं शाम्पूने धुतलं, शेवटी तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ओतलं. अर्धा चिकटपणा तिथेच गेला. म्हणजे विक्रेत्याने सांगितलेला चोर वेगळा आणि आमच्या घरातला वेगळा! शिकेकाई-रिठ्याचा जड पाण्यात असा साका होत नाही. आपल्या आज्या काही उगाच वापरत नव्हत्या. पण शिकेकाईने केस निसरडे होत नाहीत, तेही सांगायला हवं; बारीक लांब केस तिच्याने स्वच्छ होतात आणि गुंततातही.

मग खोबरेल? त्याचं काम वेगळं. मुंबईत रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांनी २००३ साली छापलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल ताडून पाहिलं. धुताना केसातली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे लक्षात ठेवूनच ऐका. तरी घरोघरचा अनुभव त्याच्या बाजूने आहे. म्हणजे खोबरेल आतून आणि सिलिकॉन बाहेरून. खोबरेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, थोडंसंच. बारीक केसाला दिवसभर तेलात ठेवलं तर ते सिलिकॉनपेक्षा जास्त चपटे बसतात.

आता पोरगी काय करते ते सांगतो. शनिवारी रात्री टोकाकडच्या अर्ध्या केसांना खोबरेल. रविवारी शाम्पू, तो फक्त टाळूला. खाली वाहणाऱ्या फेसात लांबी धुऊन निघते. कंडिशनर कानाच्या खाली, दोन मिनिटं, मग नीट धुऊन टाकायचं. केस अर्धवट वाळले की सीरमचा एक थेंब, लांबी फार असेल तर दोन. तळहातावर चोळून फक्त वेणीच्या खालच्या भागावर. मोठ्या दातांची फणी, टोकाकडून वर. रात्री सैल वेणी, केस मोकळे ठेवून झोपायचं नाही. आजारपणात तर नाहीच. बाळंतिणीची आणि तापकऱ्याची वेणी घालून देणं हे घरातल्या दुसऱ्या बाईचं काम समजा.

सीरम विकत घ्यायचं नसेल तर जवस आहे. दोन चमचे जवस पेलाभर पाण्यात उकळा, गरम असतानाच गाळा. बुळबुळीत पाणी उरतं, ते टोकांना लावून विंचरा. साध्या पाण्याने निघून जातं. टिकत नाही, दोन दिवसांत वास येतो, पण घरचं आहे आणि फुकट आहे. जास्वंदीच्या पानांचं तसंच.

विकत घेणार असाल तर मागची यादी लेकीकडून वाचून घ्या. शेवटी 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन' ऐकू आलं की ते सिलिकॉन. डायमेथिकोन जरा जड. सायक्लोपेंटासिलॉक्सेन काही वेळाने उडून जातं, म्हणून बारीक केसाला हलकं. अमोडायमेथिकोन झिजलेल्या जागी जास्त धरतं. यादीत नाव जितकं वर तितकं ते जास्त, असा साधारण नियम. पण एक मेख आहे. ६० मिलीपेक्षा लहान पॅकवर घटकांची यादी छापायची कायद्याने सक्ती नाही. १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पूच्या पुड्या विकायला सुरुवात केली, आणि पुडीमुळे शाम्पू मजुरी करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचला, हे चांगलंच झालं. पण मोठी बाटली घेणारीला आत काय आहे ते कळतं आणि दोन रुपयांची पुडी घेणारीला कळेलच असं नाही. आमच्या पुडीवर यादी होती, कंपनीने आपणहून छापलेली. सगळ्यांवर नसते. हे आम्हाला खटकलं, आणि आमच्या मते ही सवलत काढून टाकायला हवी. पुडीवर जागा नसेल तर माळेच्या वरच्या कागदावर छापा.

आणखी दोन गोष्टी, घाईत. काही सीरमच्या बाटल्यांवर आगीपासून दूर ठेवा असं छापलेलं असतं; लावून लगेच चुलीपुढे बसू नका. आणि युरोपातल्या देशांनी धुऊन टाकायच्या शाम्पू-कंडिशनरमध्ये डी-४ आणि डी-५ ही दोन सिलिकॉनं ३१ जानेवारी २०२० पासून ०.१ टक्क्यावर आणली. डोक्याला धोका म्हणून नाही. सांडपाण्यात गेली की ती लवकर नासत नाहीत म्हणून. यातली डी-५ म्हणजे मघाचं ते सायक्लोपेंटासिलॉक्सेन. आपलं न्हाणीचं पाणी परसातून ओढ्याला जातं. थेंबभरच वापरायचं याला हेही एक कारण.

तो विक्रेता महिन्याने आला. आम्ही त्याला त्याच्या तेलाच्या बाटलीवरची यादी वाचायला सांगितली. तो म्हणाला, ताई, हे आयुर्वेदिक आहे. आम्ही म्हटलं, असू द्या, वाचा तरी. पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन निघालं, म्हणजे खनिज तेल. साडेबावीस हजार गटातच राहिले.

पोरीने दिवाळीच्या आधी स्वतःहून चार बोटं टोकं कापून घेतली. आजी थोडी कुरकुरली. वेणी आता खालपर्यंत एकसारखी दिसते. शेजारच्या म्हातारीने एकदा हात लावून पाहिली, काही बोलली नाही. सीरमची ती बाटली अजून अर्धी आहे.